लाव्हाच्या उसंतीतला जीव



हिस्लॉप हे नाव नागपुरात कॉलेजमुळे सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याच नावाचा एक प्राणीही आहे, हे मात्र त्या कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असतं. डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी. आकाराने चिचुंद्रीच्या जवळपास, किडे खाऊन जगणारा, झाडांवर वावरणारा एक सस्तन प्राणी. डायनासोर अजून जमिनीवर फिरत होते तेव्हा तो इथे दख्खनमध्ये होता. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत राहिले, आणि ‘पायाखाली बघा’ हे त्यांचं पालुपद होतं. तेव्हा आजचा विषय त्यांना आवडला असता असं मी गृहीत धरतो.

आपण दख्खनचा इतिहास शिकतो तो उद्रेकांचा इतिहास म्हणून. भेगा पडल्या, लाव्हा आला, थरावर थर साचले, पठार झालं. हे खरंच आहे, पण यात कुणी जगताना दिसत नाही. जगण्याची नोंद उद्रेकात होत नाही, ती दोन उद्रेकांच्या मधल्या उसंतीत होते. या उसंतीकडे आपण पुरेसं पाहिलेलं नाही, एवढाच माझा आजचा मुद्दा. बाकी सगळी गोष्ट त्या प्राण्याची.

आधी लाव्हाचं पाहू. आज दख्खनचा काळा कातळ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि मूळ पसारा याहून बराच मोठा होता. पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते, पूर्वेकडे तो पातळ होत जातो. हे मुख्य उद्रेक ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास, साधारण दहा लाख वर्षांच्या आत आटोपले. दहा लाख वर्षं म्हटल्यावर भूशास्त्रज्ञ ‘किती झटपट’ म्हणतात, आणि बाकीच्यांना त्यांची कीव येते. पण हिशेब करून बघा. या काळात लाव्हाचे लोट आले शेकड्यांनी, आणि तरीही बराच मोठा काळ काहीच येत नव्हतं. कोकणात उतरताना घाटातल्या उभ्या काळ्या कातळात मधेच एक विटकरी पट्टा दिसतो. खालच्या लोटाचा माथा उन्हापावसात झिजून त्याची माती झाली, आणि मग वरून पुढचा लोट आला. तो पट्टा म्हणजे ती उसंत. कधी काही शतकांची, कधी हजारो वर्षांची.

विदर्भाच्या आणि तेलंगणाच्या बाजूला ही उसंत वेगळ्या रूपात दिसते. लाव्हाने ओढ्यांच्या वाटा अडवल्या, पाणी तुंबलं, उथळ तळी झाली. तळ्यांत चिखल बसला, त्यात शिंपले, बिया, माशांचे खवले, बेडकांची हाडं बसली. मग पुढचा लोट आला आणि त्याने तळ्यावर झाकण घातलं. या थरांना आंतरट्रॅपी थर म्हणतात. जाडी अनेकदा दोन-चार मीटरही भरत नाही. रस्त्यावरून जाताना लक्षात येऊ नयेत इतके हे थर किरकोळ दिसतात.

या किरकोळ थरांकडे सुरुवातीच्या काळात मन लावून पाहिलं ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी. १८१७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला आणि पुढच्याच वर्षी त्याने इथे शाळा काढली. धर्मप्रचार हा त्याचा व्यवसाय होता, दगड हा नाद. त्या काळात या दोन गोष्टी एका माणसात सुखाने नांदत. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्याने नागपूरच्या आसपासचा भूभाग पिंजून काढला आणि लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीसाठी त्यावर निबंध लिहिला. टाकळी, जी आता शहराच्या पोटात गेली आहे, ती त्याची आवडती जागा. तिथल्या आंतरट्रॅपी थरातून त्याने गोड्या पाण्यातल्या गोगलगायी गोळा केल्या, फळं-बिया गोळा केल्या, आणि भुंगेऱ्यांचे कठीण पंखसुद्धा. हे कीटक अँड्र्यू मरे यांनी अभ्यासून १८६० मध्ये प्रसिद्ध केले. ही गोष्ट मला फार गमतीची वाटते. किडे सापडले १८६० च्या आधी, आणि किडे खाणारा सापडायला १९८८ साल उजाडलं. अन्न आधी, खाणारा सव्वाशे वर्षांनी.

हिस्लॉपने गोंडांमध्ये हिंडून त्यांच्या कथा-गीतांची टिपणंही केली होती. लिंगोची कथा आपल्याला छापील रूपात पहिल्यांदा मिळते ती याच टिपणांतून. रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये ती प्रसिद्ध केली, पण तेव्हा हिस्लॉप हयात नव्हता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस.

एका बाबतीत मात्र त्याचा अंदाज टिकला नाही. टाकळीच्या गोगलगायींवरून त्याने हे थर टर्शरी, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरचे ठरवले होते. पुढे शंभरेक वर्षं मोठमोठ्या लोकांनी त्याच बाजूला कौल दिला. बिरबल साहनींसारख्या वनस्पतितज्ज्ञांनाही वनस्पतींच्या पुराव्यावरून तसंच वाटत होतं. मग १९८० च्या दशकात टाकळीच्याच थरात डायनासोरच्या अंड्यांची कवचं ओळखली गेली, आणि प्रकरण उलटलं. सगळे आंतरट्रॅपी थर एका वयाचे नाहीत. काही डायनासोर असतानाचे आहेत, काही नंतरचे. प्रत्येक थराला त्याचं वय वेगळं विचारावं लागतं.

या नव्या विचारणीच्या केंद्रस्थानी होते चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातले अशोक साहनी आणि त्यांचे विद्यार्थी. ते थरांमध्ये लहान गोष्टी शोधत होते. डायनासोरची मांडी शोधायला डोळे आणि कुदळ पुरते. चिचुंद्रीचा दात शोधायला चिखल धुवावा लागतो. पद्धत साधी आणि कंटाळवाणी. थरातली माती पोत्यांनी भरून आणायची, वाळवायची, पाण्यात भिजवून विरघळवायची, बारीक जाळीच्या चाळण्यांतून धुवायची. चाळणीवर जो गाळ उरेल तो वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली चिमूटचिमूट पसरायचा आणि ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कण बाजूला करायचा. पोतंभर मातीतून एखादा दात मिळाला तर दिवस चांगला गेला असं समजायचं. न मिळालेल्या दिवसांची नोंद कुठल्याही शोधनिबंधात नसते.

हैदराबादच्या पश्चिमेला विकाराबादच्या बाजूला नस्कल नावाचं गाव आहे. तेव्हा ते आंध्र प्रदेशात होतं, आता तेलंगणात आहे. लाव्हाच्या पसाऱ्याची ही आग्नेय कड, इथे थर पातळ. नस्कलच्या तळ्याच्या गाळातून जी. व्ही. आर. प्रसाद आणि साहनी यांना मिळाल्या काही सुट्या दाढा, दोन मिलिमीटरच्याही आतल्या. १९८८ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी त्या प्रसिद्ध केल्या. क्रिटेशस, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या कालखंडातला, भारतात सापडलेला हा पहिला सस्तन प्राणी. प्रजातीच्या नावात त्यांनी दख्खन घातलं, ‘लेस्टेस’ म्हणजे लुटारू हे अशा जीवांच्या नावांना नेहमी लागणारं शेपूट जोडलं, आणि जातीला हिस्लॉपचं नाव दिलं. ज्याने हे थर डायनासोरनंतरचे मानले, त्याच्या नावाचा प्राणी डायनासोरच्या काळातला निघाला. नाव देणाऱ्यांच्या मनात ही कोपरखळी असेल असं मला वाटत नाही. तो निखळ आदरच होता.

आता तुम्ही विचाराल, दोन मिलिमीटरच्या दाढेवरून अख्खा प्राणी कसा सांगता? रास्त शंका आहे. सस्तन प्राण्यांचे दात हे सरड्यांच्या वा मगरींच्या दातांसारखे आयुष्यभर गळून उगवत राहत नाहीत. दुधाचे एकदा पडले की नंतरचे जन्मभर पुरवायचे. म्हणून वरची दाढ आणि खालची दाढ एकमेकींत नेमक्या बसाव्या लागतात. डेक्कनोलेस्टेसच्या दाढा ज्या घडणीच्या आहेत त्यात वरच्या दाढेचा एक उंचवटा खालच्या दाढेतल्या खोलगट भागात बसतो आणि आजूबाजूच्या धारदार कडा एकमेकींवरून घासत जातात. अडकित्ता आणि खलबत्ता एकाच दाढेत. ही घडण असलेले प्राणी दोन मोठ्या शाखांचे: एक पोटपिशवीवाल्या कांगारूंची, दुसरी वार असणाऱ्यांची, म्हणजे वाघ, वटवाघूळ, हत्ती आणि आपण ज्या शाखेत येतो ती. उंचवट्यांची संख्या आणि मांडणी पाहून डेक्कनोलेस्टेस दुसऱ्या शाखेचा ठरला. आणि उंचवटे उंच, टोकदार. पानं दळायला सपाट दाढ लागते, किड्याचं कडक कवच फोडायला टोक लागतं. नागपूरच्या भुंगेऱ्यांना हा दात बरोबर पुरा पडला असता.

तरी दातांनी फसवलेलं आहे, हेही सांगायला हवं. मध्य भारतातल्या टिकी थरातून ‘टिकीथेरियम’ नावाचा प्राणी एका दातावरून वर्णिला गेला होता. वीस कोटी वर्षांहून जुना, सस्तनांच्या उगमाजवळचा म्हणून त्याचा गाजावाजा झाला. २०२४ मध्ये दोन रशियन अभ्यासकांनी दाखवलं की तो दात बहुधा फार अलीकडच्या काळातल्या एका साध्या चिचुंद्रीचा आहे आणि जुन्या थरात नंतर मिसळला असावा. एक दात म्हणजे एक साक्षीदार, आणि एका साक्षीदारावर खटला उभा करणं धोक्याचं. नस्कलच्या बाजूने चांगली गोष्ट ही की तिथे साक्षीदार पुढे वाढत गेले. हिस्लोपीपेक्षा थोराड अशी रोबस्टस ही जात तिथूनच वर्णिली गेली, मध्य प्रदेशातल्या किसलपुरीहून नर्मदेन्सिस ही तिसरी मिळाली, आणि दातांखेरीज हाडंही हाती आली.

मला सगळ्यात जास्त भुरळ घालतात ती ही हाडं. १९९४ मध्ये प्रसाद आणि फ्रान्सचे मार्क गोदिनो यांनी नस्कलच्या गाळातली घोट्याची आणि टाचेची इवलीशी हाडं वर्णिली. पुढे दंडाचं, कोपराचं हाड आलं. घोट्यातले सांध्यांचे पृष्ठभाग बघितले तर पाऊल आतल्या बाजूला बरंच वळवता येत असावं असं दिसतं. पाऊल असं वळलं की खोडाला तळवा चिकटवता येतो. कोपराची घडणही चढण्याला साजेशी. म्हणजे हा प्राणी जमिनीवरच्या पाचोळ्यात तोंड खुपसून फिरणारा नव्हता, फांद्यांवरून सफाईने चालणारा होता. हाडं आणि दात एकाच प्राण्याचे कशावरून, असं कुणी विचारलं तर उत्तर असं की त्या गाळात त्या मापाचा, त्या शाखेचा दुसरा उमेदवार नाही. कोर्टात हे चालेल का माहीत नाही, पुराजीवशास्त्रात चालतं.

झाडावर चढणारा, किडे खाणारा, वार असणाऱ्या शाखेचा लहान प्राणी म्हटलं की लगेच माकडांच्या आणि आपल्या पूर्वजांची आठवण होते. तशी ती २०१० मध्ये झालीच. डग बॉयर, प्रसाद आणि सहकाऱ्यांनी नव्या हाडांवरून मांडलं की डेक्कनोलेस्टेस हा माकडं, झाडचिचुंद्र्या यांच्या मोठ्या गटातला असू शकतो. पुढच्याच वर्षी अंजली गोस्वामी, प्रसाद आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला. त्यात निष्कर्ष निघाला की तो त्या गटात तर नाहीच, आजच्या कुठल्याही वारधारी प्राण्याच्या कुळात नाही. शाखेच्या बुंध्याशी फुटलेली वेगळी फांदी आहे. मजा अशी की दोन्ही निबंधांच्या लेखकांमध्ये बरीचशी माणसं तीच आहेत. वर्षभरात तुलनेला घेतलेले प्राणी वाढले, लक्षणं वाढली, आणि त्यांनी स्वतःचं मत बदललं. वर्तमानपत्रांना ‘भारतात आढळला माणसाचा पूर्वज’ हे पहिलं मथळ्याला बरं होतं. मला दुसरं अधिक पटतं. पूर्वज नसल्याने प्राण्याची किंमत कमी होते असं वाटणं ही आपली जुनी खोड आहे.

किंमत दुसरीकडे आहे. तेव्हाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. भारत मादागास्करपासून सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि उत्तरेकडे निघाला, वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या पुढच्या वेगाने. भूखंडांच्या मानाने ही धावच. आशियाला धडकायला अजून कोटीभराहून जास्त वर्षं होती. म्हणजे डेक्कनोलेस्टेसच्या काळात भारत हे समुद्रातलं बेट. बेटावर जे प्राणी मिळायला हवेत ते दक्षिणेचे, गोंडवन या दक्षिणी महाखंडाच्या जुन्या वारशाचे. तसे ते मिळतातही. नस्कललाच मिळालेल्या भारतथेरियमची उंच, दळणाच्या कामाची दाढ मादागास्कर आणि अर्जेंटिनातल्या प्राण्यांशी नातं सांगते. पण वारधारी शाखेचं घर तेव्हा उत्तरेत होतं: मंगोलिया, उझबेकिस्तान, उत्तर अमेरिका. मग हा चिचुंद्रीएवढा जीव बेटावर आला कुठून? काही म्हणतात आशिया आणि भारताच्या मधल्या ज्वालामुखी बेटांच्या रांगेवरून, एकेक टप्पा गाठत. काही आफ्रिकेच्या वाटेकडे बोट दाखवतात. कुणी म्हणतात पुरात वाहून गेलेल्या झाडाच्या ओंडक्यावर बसून. झाडावर राहणाऱ्याला ओंडक्यावरचा प्रवास नशिबाने घडणं अशक्य नाही. नातेवाइकांचा पत्ता मात्र थोडा लागला आहे. मोरोक्कोत, बेल्जियममध्ये, फ्रान्समध्ये डायनासोर संपल्यानंतरच्या थरांत अ‍ॅडापिसोरिक्युलिड नावाचे लहान कीटकभक्षी प्राणी सापडतात, आणि डेक्कनोलेस्टेसच्या दाढा त्यांच्याशी जुळतात. आणि यातला सर्वात जुना आपला आहे. म्हणून काही अभ्यासक प्रवासाची दिशाच उलटी करतात: हे कुळ इथून बाहेर गेलं असेल.

शेजारपाजारही सांगतो, कारण ओस पडलेल्या लाव्हाच्या मैदानाचं चित्र डोक्यातून जायला हवं. नस्कलच्या गाळात मासे आहेत, बेडूक, कासवं, साप, मगरी आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला, उद्रेकाच्या तोंडावरच्या लॅमेटा थरात, लांब मानेच्या डायनासोरांची अश्मीभूत विष्ठा मिळते. २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले, आणि डायनासोरच्या काळात गवत नव्हतं हा पाठ्यपुस्तकी समज मोडला. आपल्या विदर्भातल्या गवताला इतका मान याआधी कधी मिळाला नव्हता.

मग महासंहार आला. युकातानला अशनी कोसळला, इकडे लाव्हा चालूच होता. नस्कलचा गाळ या घटनेच्या अगदी थोडा आधीचा आहे असं २०२२ मधल्या कालमापनाने दिसतं. लहान असणं, किडे खाणं, बिळात शिरता येणं या गोष्टी तेव्हा कामी आल्या असं सर्वसाधारणपणे सांगतात, कारण हिरवी पानं संपली तरी कुजणारं लाकूड आणि त्यातले किडे उरतात. डेक्कनोलेस्टेसकडे यातलं पहिलं आणि दुसरं होतं. पण तो झाडावर राहायचा, आणि जंगलंच कोसळली तर झाडावर राहणं हा दोष ठरतो. जगभरच्या पक्ष्यांचा अभ्यासही हेच सांगतो: झाडांवर अवलंबून असलेले गेले, जमिनीवरचे वाचले. या हिशेबाने आपला प्राणी संपायला हवा होता.

तो स्वतः संपलाच असेल. कुळ बहुधा नाही. गुजरातेत सुरत जिल्ह्यात वस्तानची लिग्नाइट खाण आहे, तिचे थर सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे. तिथे भारतलेस्टेस कलामेन्सिस नावाचा लहान प्राणी मिळाला. जातीचं नाव अब्दुल कलामांवरून, आणि कुळ अ‍ॅडापिसोरिक्युलिड. लाव्हा, अशनी, बेटाचं एकटेपण, सगळं ओलांडून ही वंशरेषा भारतातच तगली असं यावरून मांडलं गेलं आहे. मधल्या कोटीभर वर्षांचा मात्र पत्ता नाही. नस्कल आणि वस्तान यांच्यामध्ये सस्तन प्राण्यांच्या नोंदीत भलंमोठं भगदाड आहे.

त्या भगदाडात बसणारे थर आपल्याकडे आहेत, आणि ते महाराष्ट्रातच आहेत. मुंबईचा ज्वालामुखी दख्खनच्या मुख्य उद्रेकानंतरही धुमसत होता. वरळी आणि मलबार हिलच्या आंतरट्रॅपी थरांतले बेडूक एकोणिसाव्या शतकातच प्रसिद्ध झाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांना नाव दिलं, आज त्यांना इंडोबॅट्रॅकस म्हणतात. हाडन् हाड जागेवर असलेले बेडूक. हे थर डायनासोर संपल्यानंतरच्या पहिल्या काही दशलक्ष वर्षांतले आहेत, म्हणजे नेमके आपल्याला हवे तेव्हाचे. बेडकाचं बोट टिकतं तिथे चिचुंद्रीची दाढ टिकायला हरकत नाही. पण त्यावर आता इमारती आहेत. एखाद्या टॉवरचा पाया खणताना तो काळसर पातळ थर उघडा पडतो, दोन दिवसांत डंपरने भरून जातो आणि कुठेतरी भराव म्हणून पडतो. तो डंपर थांबवा असं मी म्हणत नाही, मुंबईत ते कुणाच्याच हातात नाही. पण त्यातली वीस पोती बाजूला काढून, वाळवून, भिजवून, चाळून बघायला एका महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग आणि चार धीराचे विद्यार्थी पुरतील. टाकळीत काय उरलं आहे तेही असंच बघता येईल. हिस्लॉपच्या काळात सूक्ष्मदर्शक होते, चाळण्याही होत्या. ही माती धुवून बघायचं तेवढं तेव्हा इथे कुणाच्या डोक्यात आलं नसावं.